दोन जाकिटं, एक उडी

तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं, आणि पाहताक्षणी झापलं.

"काय हे सर! काल शिवून दिलेली बाही आज उसवली? मी काय फक्त तुमच्या बाह्या शिवायला जन्मले?"

सर वळले. ते सर नव्हतेच. तेच तपकिरी जाकीट, तीच उंची, मानेवर तसेच रुळणारे केस... पण चेहरा भलताच. हनुवटीवर जुना व्रण, आणि डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

"जन्माचं माहीत नाही," तो म्हणाला, "पण बाही मीच फाडली. हिरोऐवजी उड्या मारतो ना, तो मी. डुप्लिकेट."

चित्रपटाच्या कपडेपटात टेलर म्हणून लागून तिला जेमतेम आठवडा झाला होता, आणि कपडेपटाचा मुख्य तिचा सख्खा मामा. म्हणजे चुकायची सोयच नाही. तिनं बाही हातात घेतली. जाकीट अंगावरच होतं, त्यामुळे बाहीबरोबर हातही आला.

"हलू नका. सुई टोचेल."

"मी तिसऱ्या मजल्यावरून पडतो हो!"

"पडत असाल. तिथं सुई नसते."

तो खरंच हलला नाही. श्वाससुद्धा बेताबेतानं घेत राहिला. शेवटचा धागा तिनं दातानं तोडला, तेव्हा तिचे केस त्याच्या मनगटाला लागले — आणि दोघंही उगाचच खिडकीकडे बघायला लागली.

जाताना तो म्हणाला, "आभारी आहे." कपडेपटात हा शब्द तिनं अजून ऐकलाच नव्हता. तिथं कपडे जायचे धड आणि यायचे फाटून, बस्स.

मग तो रोज काही ना काही फाडून आणू लागला. पाचव्या दिवशी तिनं खिसा उजेडात धरला.

"हे फाटलेलं नाही. ब्लेडनं कापलंय."

"टेलर हुशार मिळाली की चोराची पंचाईत होते," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. एवढा धाडसी गडी लाजतो कसा, हे बघून तिला फार गंमत वाटली.

मारामारीचे सिनेमे म्हणजे नुसता आरडाओरडा, असं तिचं आजवरचं मत. तो म्हणाला, "एकदा येऊन बघा तरी." ती गेली. बघते तर, ठोसा गालापासून चार बोटं लांबूनच जायचा, आणि सगळी करामत मार खाणाऱ्याची! मान कधी वळवायची, पाय कधी सोडायचा, पावलं मोजलेली. एकच पडणं तो सकाळपासून तीस वेळा पडला, आणि तिसाव्या वेळी ते इतकं खरं वाटलं, की तिच्या तोंडून "आई गं!" निघालं. एवढी मेहनत, आणि चेहरा दिसायचा दुसऱ्याचा. त्या दिवसापासून ती त्याच्या कामाच्या प्रेमात पडली. निदान स्वतःला तिनं तेवढंच सांगितलं.

शेवटची उडी मोठी होती. तिसऱ्या मजल्याच्या सज्जातून खालच्या दुकानाच्या कापडी छतावर, तिथून थेट फरसबंदीवर. सगळं एकाच दमात. "माणूस पडताना अख्खा दिसला पाहिजे," असा दिग्दर्शकांचा हट्ट होता. तिनं तीन दिवस खपून त्याच्यासाठी वेगळं जाकीट शिवलं: बाहेरून हुबेहूब हिरोसारखं, आतून खांद्याला, कोपराला, पाठीला रबराची जाड गादी. ओळखायला कॉलरच्या आत लाल टाका.

उडीच्या दिवशी ती हिरोच्या खुर्चीमागून चालली होती. हिरो आरशात बघून खूश होऊन म्हणाला, "दोन्ही घालून पाहिली. हे बरं दिसतं. खांदे कसे भरदार वाटतात, नाही?"

तिनं मागचापुढचा विचार न करता त्याची कॉलर उलटली. लाल टाका.

वर सज्जात तो उभा होता, बिनगादीच्या जाकिटात. फाइट मास्तर मोजत होते, "एक... दोन..."

"कट!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली.

त्या जागेत हा शब्द उच्चारायचा हक्क एकाच माणसाचा. सगळं जागच्या जागी थांबलं. दिग्दर्शक वळून बघत होते, उन्हं उतरत होती, मामानं कपाळाला हात लावला होता. नोकरी गेली, हे तिला कळून चुकलं होतं. पण पाय थांबले नाहीत. "सर, जाकीट काढा!" हिरोनं निमूटपणे काढलं, आणि ती धापा टाकत तीन जिने चढली.

त्यानं गादी चाचपली आणि त्याला सारं समजलं. बटणं लावताना त्याची बोटं थरथरत होती. मग तिनंच ती लावली, वरपासून खालपर्यंत.

त्यानं उडी मारली. छत फाटलं, खांदा फरसबंदीवर धाडकन आदळला — आणि तो उठला. दिग्दर्शक स्वतः टाळ्या वाजवत होते. मामा एवढंच म्हणाला, "टाके बरे घालतेस. तोंडही बरं चालवतेस."

सिनेमा लागला तेव्हा दोघं दुपारच्या खेळाला गेली. एव्हाना 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. उडी आली आणि अख्ख्या थिएटरनं श्वास रोखला. तो शेजारी धडधाकट बसलेला असूनही तिनं त्याचा हात गच्च धरला. शिट्ट्या पडल्या, लोक हिरोच्या नावानं ओरडले.

"वाईट नाही वाटत?" तिनं विचारलं.

"शिट्टी आपल्या उडीला आहे गं. नाव कुणाचं का असेना."

"आणि त्या दिवशी हात का थरथरत होते?"

तो हळूच म्हणाला, "आजवर मला सगळे म्हणायचे — पुन्हा एकदा, अजून उंचावरून, जरा जोरात. थांबा, असं कुणी म्हटलंच नव्हतं. तू म्हणालीस... आणि एकदम जीव प्यारा झाला. तुझे उपकार कसे फेडू, कळत नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग उड्या सोडणार?"

"छे! माझं काम आहे ते. पण यापुढे निघताना घरी सांगून निघावं म्हणतो."

"सांग की. घरी कोण असतं तुझ्या?"

"तेच तर... विचारतोय."

तिला समजायला एक क्षण लागला.

"मी असेन," ती म्हणाली — इतक्या मोठ्यानं, की पुढच्या रांगेतल्या बाई मागे वळून बघायला लागल्या.