मिशीशिवायचा फोटो

त्या रविवारी परदेशी, डीमनच्या फ्लॅटमध्ये आई मटार सोलत बसली होती. निहारचा फोन आला तशी पदराला हात पुसत उठली. सहा महिन्यांसाठी लेकीकडे, प्रांजलीकडे आलेली ती बाई, काँगोतल्या यादवीत शांतिसेनेबरोबर असलेल्या मुलाला सगळं घर ऐकवायची. प्रांजलीचे करपलेले पोहे, ट्रॅममध्ये राहिलेली छत्री, साताऱ्याच्या अंगणातली अबोली.

अंगात ताप होता तरी तिनं रिसीव्हर सोडला नाही.

"आण, मी बोलते," प्रांजली म्हणाली.

"नको. माझा आवाज ऐकला की त्याला कळतं, सगळं ठीक आहे."

"बरं आई, येतो," निहारनं नेहमीसारखा निरोप घेतला.

पुढच्या रविवारी पहाटे आई झोपेतच गेली.

महिनाभरानं, अशाच एका रविवारी, खासगी तपास करणारी निशिगंधा काळे नायमेखन शहरातून आली. सोबत नवरा राजन. प्रांजलीनं निहारच्या मित्राकडून आलेला फोटो दाखवला. डोक्यावर निळी टोपी. ओठावरची मिशी गायब.

"उकाडा असेल हो तिकडे," राजन म्हणाला.

"आमच्याकडे मिशी आईबाप गेल्यावरच उतरते, भावोजी. तो परत येईपर्यंत सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. आईच म्हणायची, 'बंदूक हाती असलेल्याला वाईट बातमी अवचित देऊ नये.' दर रविवारी मी त्याच्याशी खोटं बोलते, निशिगंधाताई. ज्यानं सांगितलं, त्याचं तोंड मी पुन्हा पाहणार नाही."

तिचा नवरा विश्वास हे ऐकून कसनुसा हसला. "मग माझं काही खरं नाही! अहो, निहारला इकडून फोनच लागत नाही. शनिवारी शहरात गेला तरच मेल बघतो."

खालच्या मजल्यावरून आईची इथली मैत्रीण चित्राताईही आल्या होत्या. "मी ब्रेडाला लेकीकडे होते. मला सोमवारी कळलं."

"आई आजारी होत्या?" निशिगंधानं विचारलं.

"गॅसेस म्हणायच्या. दोनदा मीच डॉक्टरकडे नेलं." चित्राताई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"त्यानंतर निहारचा पहिला फोन कधी आला?" निशिगंधानं प्रांजलीला विचारलं.

"त्याच संध्याकाळी. म्हटलं, आई झोपलीय. तो म्हणाला, 'उठवू नकोस. तू जेवलीस?' मग 'ठेवतो' म्हणाला."

"'येतो' नाही?"

"नाही."

"राजन, का बरं?"

"घाई असेल."

"दुखवट्याच्या घरातून निघताना कुणी 'येतो' म्हणतं का रे?"

राजननं चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे निहारला त्याच संध्याकाळी कळलं होतं," निशिगंधा म्हणाली. "फोन लागत नाही, शनिवारशिवाय मेल नाही. इथून कुणी कळवणं शक्यच नव्हतं. बातमी तूच दिलीस, प्रांजली. तापातही रिसीव्हर न सोडणारी आई त्या दिवशी बोलायला आली नाही."

"नुसत्या झोपेवरून?" प्रांजलीनं विचारलं.

"खूण आधी ठरली असेल तर. चित्राताई, गॅसेससाठी दोनदा डॉक्टर?"

चित्राताईंचे डोळे भरले. "हृदय थकलं होतं. शपथ घातली होती गं मला. निहारला मात्र तिनं स्वतःच सांगितलं, 'ज्या रविवारी मी बोलणार नाही, त्या रविवारी समज, मी गेले. ताईला खोदून विचारू नकोस. ती सांगेल तेव्हा ऐकून घे.'"

"पण आईच म्हणायची, सांगू नये—"

"'अवचित' सांगू नये म्हणायची," निशिगंधा हळूच म्हणाली. "तो शब्द तू गाळलास."

"आणि मला? मी शेजारच्या खोलीत होते!"

"तुला कळलं असतं तर या घरात ती पेशंट झाली असती. तिला इथे आई म्हणून राहायचं होतं," चित्राताई म्हणाल्या.

प्रांजली उठून गॅलरीत गेली. महिनाभर सगळ्यांना विश्वासनंच कळवलं होतं. तिच्या तोंडून ते दोन शब्द एकदाही निघाले नव्हते. आणि तिकडे तो, पहारा देता देता, तिची एकेक थाप मुकाट ऐकत होता.

फोन वाजला. विश्वास उठला, तिनं हातानं थांबवलं.

"ताई, आई काय करतेय?"

बाजारात गेलीय, असं ओठावर आलं होतं.

"निहार," ती म्हणाली, "आई गेली रे."