भाग नऊचा दर

कॉलेज सोडल्यावर काकांनी मला इस्पितळाच्या आकडेवारीच्या खोलीत चिकटवलं. उपकार कसले, घरात ऐकवायला त्यांना आणखी एक गोष्ट मिळाली. काम सोपं होतं. भरतीचं रजिस्टर आणायचं, कुठल्या भागातून किती पेशंट आले ते मोजायचं, त्या भागाच्या लोकसंख्येनं भागायचं. हजारामागे किती, तो दर वर कळवायचा.

त्या सोमवारी दुपारी भाग नऊचे सात निघाले. लोकसंख्येच्या रकान्यात शून्य. भाग नऊ वीस वर्षांपूर्वी धरणाखाली गेलाय.

"आठमध्ये टाक," काका चष्मा पुसत म्हणाले. "शून्यानं भागत नाहीत. एवढं तरी शिकवलं का कॉलेजात?"

"म्हणजे खोटं लिहू?"

"दर महिन्याला असतात ते. रजिस्टरात नऊ खोडायचं, आठ करायचं. आठमधली माणसं घरी जातात."

"आणि नऊमधली?"

काका डबा उचलून जेवायला गेले. वीस वर्षं थापा मारायच्या आणि प्रामाणिकपणाचे धडे आम्हाला द्यायचे. मी सातही नऊमध्येच ठेवले आणि तक्ता पाठवून दिला. नावं वाचली नाहीत. आमच्या कामात नावं वाचत नाहीत.

रजिस्टर उचललं तर पानं खालून ओली. गाळाचा वास.

परत द्यायच्या वाटेवर बाबांचा वॉर्ड. हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, आज सोडणार होते. तीन महिने आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. तरी न्यायला मीच येणार, असं आईला कबूल केलं होतं. बाबा कपडे करून कॉटवर बसलेले. केसांतून पाणी ठिबकत होतं.

"निघायचं ना, बाबा?"

"सोडत नाहीत रे..." ते जमिनीकडे बघत म्हणाले. "पत्ता तिकडचा आहे म्हणतात..."

मी तिथंच रजिस्टर उघडलं. सातवं नाव बाबांचं. नऊ खोडलं, आठ लिहिलं. आठ ओल्या कागदावर पसरला, फिकट झाला, गेला. नऊ तसाच.

मागे काका उभे होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तक्ता गेला?"

"गेला..."

त्यांनी हळूच माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

बाबांची जखम कधीच भरली. ते अजून त्याच कॉटवर आहेत. आई रोज डबा नेते, परत आणते तेव्हा त्यात काठोकाठ पाणी असतं.

काल वरून लोकसंख्येची नवी यादी आली. भाग नऊसमोर आता शून्य नाही. सात आहे.