प्रोग्रेसिव्हचा पेढा

पैज लागली ती माझ्या मिशीवर.

मार्चातच जळगावच्या मेहरूणमध्ये असं ऊन, की कुत्र्यालासुद्धा भुंकायचा कंटाळा. दिवे लागायच्या वेळी मी आणि शेजारची बेबाबाई ओट्यावर पाय पसरून बसलेलो. समोरच्या सुपडूनानांच्या घरातून त्यांचा व्यायाम घ्यायला येणारा भूषण निघाला. चपलेत पाय घालायला पाच मिनिटं लावली, दारात उभ्या नानांच्या मुलीकडे, दीपमालाकडे पाहिलं, तोंड उघडलं... मिटलं... आणि गेला.

"हा काही तिच्याशी मनातलं बोलत नाही," मी म्हटलं.

"आखाजीच्या आत बोलेल. देखजो तू," बेबाबाई. आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया.

"नाही बोलला तर एक दिवस तोंड बंद ठेवशील?"

"ठेवसू. आणि बोलला तर तुन्ही मिशी साफ. चौकात. बठ्ठी गल्लीसमोर."

वीस वर्षांची मिशी! पण मी लगेच टाळी दिली. कारण त्या दोघांच्या मधे काय अडकलंय ते गल्लीत फक्त मला माहीत होतं. एकदा चहा पिताना भूषणनंच सांगितलं होतं. एक पेढा अडकला होता.

त्याचं असं झालं. डिसेंबरात दीपमाला वडलांना घेऊन धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरकडे गेली. नानांचे हात थरथरायचे, चालता चालता पाय जमिनीला चिकटायचा. कंपवात. डॉक्टर घाईघाईत इंग्रजीत बोलले, त्यातला एक शब्द पोरीनं पकडला. प्रोग्रेसिव्ह. ती पहिलीच्या वर्गाची बाई, चाळीस पोरांच्या प्रगतिपुस्तकावर 'गुड प्रोग्रेस' लिहिणारी. तिला वाटलं, आपला बाप सुधारतोय! स्टँडवर पाव किलो पेढे घेतले आणि जळगावच्या एसटीत वाटत सुटली.

पलीकडच्या सीटवर भूषण. धुळ्याच्या एका दवाखान्यात पेशंटकडून व्यायाम करून घेणारा, रोजचं अपडाऊन, झोपेनं मान लोंबलेली.

"घ्या ना! डॉक्टर म्हणाले, प्रोग्रेसिव्ह आहे!"

भूषणची झोप उडाली. त्यानं नानांच्या पायाकडे पाहिलं, मग तिच्या डोळ्यांकडे. आजार प्रोग्रेसिव्ह असतो तेव्हा आजारच पुढे जात असतो, माणूस मागे पडतो... हे कुणाला एसटीत कसं सांगायचं? त्यानं पेढा घेतला.

"छान," म्हणाला. आणि पारोळा गेल्यावर, त्यांचं घर कुठे ते विचारून, "मी पण मेहरूणच्याच बाजूला राहतो. नानांचा व्यायाम घ्यायला येऊ का? संध्याकाळी?"

येऊ लागला. दिवसभर पेशंट, चार तास एसटी, आणि मग नाना. दीपमाला शाळेतून दमून आलेली, तीही खडू घेऊन गल्लीत बसायची. पाय अडकला की समोर रेघ लागते. रेघ दिसली की नानांचा पाय ती ओलांडायला उचलतो. ती रेघा मारायची, भूषण म्हणायचा, "स्टेप बाय स्टेप, नाना... स्टेप बाय स्टेप..."

"मॅडम, रेघ वाकडी आहे."

"तुमची मान वाकडी आहे, सर. एसटीत झोपून झोपून."

"मग मानेसमोर पण एक रेघ मारा."

ती हसायची. खडूचं बोट कपाळाला लागायचं, आणि भूषण तो पांढरा डाग पुसायला हात उचलायचा... अर्ध्यातून खाली घ्यायचा. बेबाबाई मला कोपर मारायची.

एप्रिलात एक दिवस दीपमाला रेघा मारता मारता थांबली.

"सर, डिसेंबरात मी दोन वितींवर रेघ मारत होते. आता एका वितीवर मारावी लागते. नानांचं तर प्रोग्रेसिव्ह आहे ना?"

लाइट गेलेली, कूलर बंद. गल्लीला सगळं ऐकू येत होतं.

भूषणनं सांगितलं. सगळं, हळू आवाजात.

"तुम्हाला एसटीतच माहीत होतं?"

"हो."

"आणि पेढा खाल्लात!"

"खाल्ला नाही... गिळवला नाही. रुमालात बांधून ठेवला होता. मुंग्या लागल्या."

"उद्यापासून येऊ नका."

माझी मिशी वाचली. पण पीळ द्यायला बोटं वर गेली, की नुसतीच खाली यायची. भूषण रोज संध्याकाळी यायचा, चौकाच्या कोपऱ्यावरच्या निंबाखाली उभा राहायचा, आणि परत जायचा. इकडे नानांचा पाय उंबऱ्यात पाव-पाव तास अडकायचा. दीपमाला खडू हातात धरून नुसती बसायची. शाळेतही तिनं प्रगतिपुस्तकं तशीच ठेवलेली म्हणे, तो शब्द लिहायला तिचा हातच उठेना.

आखाजीच्या आदल्या दिवशी नाना उंबऱ्यातूनच म्हणाले, "बेटा, माले तवाच समजनं व्हतं. डॉक्टरचं तोंड पाह्यलं व्हतं मी."

"मग बोलला का नाहीत, नाना?"

"तू पेढे घेतले ना. किती दिवसांनी हसनी व्हती तू... मी पण चूप बसलो, तो पण चूप बसला. त्यालाच एकट्याला काय रागावते?"

ती खडू घेऊन निंबाकडे चालू लागली. मी आणि बेबाबाई ओट्यावरून इतके वाकलो, की पडायचेच बाकी.

तिला येताना पाहून भूषणचे पाय जमिनीला चिकटले. ना पुढे, ना मागे. दीपमाला खाली बसली आणि त्याच्या चपलेपुढे एक रेघ मारली.

"पाय अडकलाय, सर. ओलांडा."

"मॅडम... माझं पण प्रोग्रेसिव्ह आहे."

"म्हणजे... बरं होतंय?"

"नाही. रोज थोडं थोडं वाढतंय. औषध नाही."

तिचे डोळे भरले, आणि त्या भरल्या, थकल्या डोळ्यांनीच ती हसली. "मग चला लवकर. घरात अजून एक पेशंट उंबऱ्यात उभा आहे."

भूषणनं रेघ ओलांडली.

बेबाबाई माझ्या नाकाखाली बघत राहिली फक्त.

आखाजीला पोरींचे झोके निंबाला, आणि त्याच्याखाली पुना सलूनवाल्याची खुर्ची. सगळी गल्ली जमली. मी शेवटचा डाव टाकला, "प्रोग्रेसिव्ह म्हणजे हळूहळू ना? मग आज अर्धी, उद्या अर्धी!"

"चालेल," बेबाबाई म्हणाली. "अर्ध्या मिशीनं रात्रभर फिर."

पुनानं डावी बाजू साफ केली. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. घरापासून खुर्चीपर्यंत खडूच्या रेघा, एका वितीवर एक. त्या ओलांडत नाना येत होते. एका हाताला दीपमाला, दुसऱ्या हाताला भूषण. त्या आजारानं नानांचा चेहराही आवळत आणलेला, महिनोन् महिने त्यावर हसू फिरकलं नव्हतं.

माझ्यापुढे येऊन त्यांनी लटलट कापणारा हात पुढे केला.

"पुना, आण वस्तरा. उरलेली मी काढस."

मी खुर्चीत ताठ. आणि त्या न हलणाऱ्या चेहऱ्याच्या आतून कुठून तरी आवाज आला... खिक्... खिक् खिक्...

दीपमालानं भूषणचा हात घट्ट धरला, सगळ्यांसमोर. मी डोळे मिटले आणि मान वर केली.

"या नाना," म्हटलं. "काही घाई नाही."