पिवळ्या झेंड्यांची सरळ रेघ

"पहार खाली ठेवा," ती म्हणाली. "हळू."

गल्लीच्या टोकाच्या घरासमोर एक तरुण दोन्ही हातांनी पहार डोक्यावर उचलून उभा होता. तो तसाच थांबला. पहार वर, तोंड उघडं, आणि कपाळावरचा घामाचा थेंब खाली यावं की नाही या विचारात.

"किती हळू?" त्याने विचारलं.

"झोपलेल्या बाळाला ठेवतात तितक्या हळू."

त्याने खरोखरच तशी ठेवली. वर एकदा थोपटलीसुद्धा. तिला हसू फुटत होतं, पण डोक्यावर हेल्मेट आणि अंगात कंपनीचं चमकणारं जाकीट असताना हसलं की लोक ऐकत नाहीत, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. तिने ते गिळलं.

ती गॅस कंपनीत होती. जमिनीखालून जाणारा गॅसचा पाइप नेमका कुठून गेलाय ते शोधायचं आणि वर पिवळे झेंडे रोवायचे, म्हणजे खणणाऱ्याला कळतं, हे तिचं काम. हातात लांब दांड्याचं यंत्र असायचं. पाइपाबरोबर पुरलेल्या तारेवरून ते गेलं की पीं-पीं वाजायचं. सगळा भाग तिला झेंडेवाली म्हणे. तिचं खरं नाव आता फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं.

तिने यंत्र फिरवायला सुरुवात केली. त्याच्या पायांपाशी आल्यावर ते जोरात वाजू लागलं.

"माझ्याजवळ आलं की का वाजतंय हे?"

"तुम्ही पाइपावर उभे आहात म्हणून."

"अच्छा… मला वाटलं—"

"वाटू देऊ नका. सरका."

तो सरकला. तिने एकेक झेंडा रोवला. शेवटचा झेंडा, पहार जिथे पडणार होती तिथून वीतभर अंतरावर आला. ते पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं, आणि तो एका उपड्या कुंडीवर बसला.

"मला फक्त पाटी लावायची होती," तो पुटपुटला. "'इथे रोपं मिळतील' म्हणून."

"गल्लीभर गॅस झाला असता. मग कोणीतरी काडी ओढली असती. पाटी वाचायला कोण उरलं असतं?"

त्याचा चेहरा इतका उतरला की तिला उगाच बोलले असं झालं. मग तिने नेहमीचं सगळं सांगितलं, पण नेहमीपेक्षा मऊ आवाजात. खणण्याआधी फोन करायचा, आम्ही येऊन खुणा करून देतो, पैसे लागत नाहीत. झेंड्यांच्या जवळपास पहार नाही, मशीन नाही. साधं फावडं घ्यायचं आणि वरवर माती काढत जायचं.

"फोन केला की तुम्हीच येता?"

"या भागात मीच."

"बरं," तो म्हणाला, आणि ते 'बरं' त्याने अशा काही समाधानाने म्हटलं की तिने घाईघाईने हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. तो आधीच घट्ट होता.

दारात खुर्ची टाकून त्याचे वडील बसले होते. जन्मभर शिवणकाम करून आता दुकान बंद केलेलं, तरी गळ्यात टेप तशीच. सगळे त्यांना मास्तर म्हणत. चष्म्यावरून त्यांनी झेंडे पाहिले आणि निकाल दिला, "वाकडे आहेत."

"पाइपच वाकडा आहे, मास्तर. इथे जुनी विहीर बुजवलीय ना, तिला वळसा घालून गेलाय."

"असेल. तरी वाकडेच."

त्यानंतर रोपवाल्याच्या अंगणात खणण्याची जणू साथच आली. कपडे वाळत घालायचा खांब, लिंबाचं झाड, बाकाचे पाय, पाण्याची कुंडी, बाकाचेच पाय पुन्हा, कारण बाक म्हणे उन्हात येत होता. प्रत्येक वेळी रीतसर फोन. ऑफिसात फोन घेणाऱ्या ताईला तर त्याचा आवाज पाठ झाला होता.

"तुझं अंगण आलंय ग," ती हाक मारून सांगायची.

"माझं कसलं अंगण? तक्रार काय आहे?"

"तक्रार अशी काही दिसत नाही. दुखणं दिसतंय."

झेंडेवाली नाक मुरडायची आणि यंत्र उचलायची. पण एकदा निघताना तिने कानांत लोलक घातले, आणि मग ते हेल्मेटखाली दिसणार नाहीत म्हणून स्वतःवरच चिडली. त्या दिवशी तो पहिलं वाक्य बोलला ते हेच, "आज कानात काहीतरी आहे." तिचं यंत्र तेवढ्यात वाजलं, नाहीतर तिला काय उत्तर द्यावं ते सुचलंच नसतं.

"तुमच्या अंगणात आता उंदराला बीळ पाडायलासुद्धा जागा उरलेली नाही," ती म्हणाली.

"उंदराने फोन केला तरी तुम्ही याल ना?"

"उंदीर विनाकारण खणत नाही."

काम झालं की चहा व्हायचा. ती झेंडे उपटून पिशवीत भरायची, आणि तो प्रत्येक झेंड्याची माती पुसून तिच्या हातात द्यायचा. बोटाला बोट लागायचं. दोघंही मग झेंड्याकडे फार लक्षपूर्वक बघायचे.

अशाच एका चहाला तिने मनातलं सांगितलं. यंदा तिच्या भागात दोनदा पाइप फुटला होता. एकदा केबल टाकणाऱ्यांनी फोन न करता खणलं, एकदा कुंपण घालणाऱ्या एका काकांनी. साहेबांनी स्पष्ट बजावलं होतं, तिसऱ्यांदा काही झालं तर तिची बदली, कंपनीच्या पार लांबच्या स्टेशनवर. तिथे बोलायला फक्त मीटर होते.

त्याच्या चहावर साय धरली.

"मग नाही होऊ द्यायचं," तो शेवटी म्हणाला, आणि त्याने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून रोप विकत घेणाऱ्या प्रत्येकाला तो आधी विचारू लागला, "कुठे लावणार? खाली काय आहे? फोन केला?" दोन गिऱ्हाइकं वैतागून परत गेली. तिने गल्लीतल्या बायकांसाठी माहितीची सभा ठेवली, तेव्हा सतरंज्या त्यानेच घातल्या.

"गॅसचा वास आला तर काय कराल?" तिने सभेत विचारलं.

पुढच्या रांगेतल्या काकू म्हणाल्या, "शेजारणीला बोलावीन. तिला येतोय का ते बघीन."

"आणि तिला आला तर?"

"मग दिवा लावून बघू कुठून येतोय ते."

झेंडेवालीने डोळे मिटले. तेव्हा मागून रोपवाल्याचा आवाज आला, घोकून ठेवल्यासारखा, "दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. काडी नाही. सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं, लांब जायचं, आणि तिथून फोन करायचा." सगळ्या माना वळल्या. तो लाजून सतरंजीची घडी घालायला लागला, जिच्यावर अजून बायका बसल्या होत्या.

त्या सभेनंतर तिला स्वतःशी कबूल करावं लागलं की बदलीची भीती वाटते ती नुसत्या मीटरांमुळे नाही.

मग त्याने जाईचं कुंपण लावायचं ठरवलं. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब चर. पहिल्यांदाच तिने पूर्ण लांबीला झेंडे रोवले, विहिरीपाशी नीट वळसा देऊन, आणि ते तसेच ठेवून गेली. खणणं सकाळी होणार होतं.

सकाळी ऑफिसात त्याचा फोन आला. झेंड्यांपासून चांगला लांब खणत होता, तरी फावड्याखाली पिवळा पाइप दिसला. पाइप शाबूत आहे. वास नाही. तरीही त्याने हात थांबवला, गल्लीतल्या शेगड्या बंद करवल्या आणि सगळ्यांना कोपऱ्यापलीकडे नेऊन उभं केलं.

झेंडे एकीकडे आणि पाइप दुसरीकडे, म्हणजे खूण चुकली. फुटलेल्या पाइपापेक्षा हे वाईट, कारण ही चूक सरळ तिची. साहेब स्वतः गाडीत बसले.

चरात पाइप होता. ओरखडासुद्धा नव्हता. साहेबांनी झेंड्यांकडे बोट दाखवलं. "हे तुम्हीच लावलेत?"

ती बोलणार इतक्यात रोपवाला पुढे झाला. "साहेब, यांनी बरोबर लावले होते. मी हलवले."

"खुणा हलवणं गुन्हा आहे, माहीत आहे? जबर दंड आहे."

"हो. भरतो."

तिला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच तिचा भडकाच उडाला. "हलवले? मला पुन्हा बोलवायला? एवढ्यासाठी गल्ली उडवायची होती तुम्हाला?"

तो मान खाली घालून उभा राहिला. तिचे डोळे भरून आले, म्हणून तिने रागारागाने झेंड्यांकडे नजर वळवली, आणि तिथेच थबकली.

सगळे झेंडे एका रेषेत होते, विहिरीपाशीसुद्धा. नुसत्या रेषेत नाही, दोरी धरून लावल्यासारखे, दोन झेंड्यांमध्ये तंतोतंत तेवढंच अंतर. आणि मातीवर झेंड्यांच्या बुडाशी खडूची पुसट पांढरी रेघ.

या माणसाला बाकाचे पाय दोनदा खणूनही सरळ बसवता आले नव्हते.

तिने दाराकडे पाहिलं. मास्तर खुर्चीतून उठत होते.

"तो कसला हलवतोय," मास्तर म्हणाले. "त्याला सरळ रेघ येते कुठे? मी हलवले. संध्याकाळभर समोर वाकडे दिसत होते, जेवण जाईना. मला वाटलं पोरीला घाई झाली असेल, नीट करून ठेवू." मग ते चराकडे बघत राहिले आणि त्यांचा आवाज बसला. "तो पहारीने खणत असता तर…"

साहेबांनी घसा साफ केला, मास्तरांना बाजूला घेऊन चांगलं फैलावर घेतलं, आणि शेवटी लिहून घेतलं की पाइप शाबूत, खूण बरोबर, खणणाऱ्याने सगळं नियमाने केलं. मास्तरांना शिक्षा एकच झाली, पुढच्या सभेत उभं राहून हे सगळं स्वतः सांगायची.

गाडीत बसण्याआधी ती रोपवाल्यापाशी आली. "खोटं का बोललात?"

"तुमची बदली झाली असती."

"आणि दंड? रोपं विकून भरणार होतात?"

"रोपं पुन्हा लावता येतात," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता, फावड्याच्या दांड्यावरची माती खरवडत. "तुम्ही इथून गेला असता तर… मग मी कशाला खणलं असतं?"

ती गाडीकडे वळली. साहेब हॉर्न वाजवत होते.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. अंगणात सगळं लावून झालं होतं, आणि आता खोटं कारण सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. ताई फोनकडे बघून सुस्कारे टाकायची. झेंडेवालीने वाट पाहिली, मग चिडली, मग स्वतःलाच विचारलं की फोन नेहमी त्यानेच का करायचा.

सुटीच्या दिवशी ती गेली. हेल्मेट नाही, जाकीट नाही, यंत्र नाही. कानांत लोलक, आणि ते झाकायला काही नाही.

मास्तर दारातच होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आज झेंडे नाहीत?"

"नाही आणले."

"मग आज काय शोधायला आलीस?"

वाटेत ठरवलेली सगळी उत्तरं ती विसरली. "तुमच्या मुलाला," ती म्हणाली.

मास्तरांनी क्षणभर टेप चाचपली. मग ते उठले, दारातली खुर्ची स्वतः उचलून आत नेली आणि वाट मोकळी केली.

मागच्या अंगणात रोपवाला तिच्याकडे पाठ करून उभा होता. रिकाम्या कुंड्यांचा ढीग हलवायला त्याने पहार घेतली होती, आणि तिची चाहूल लागताच तो वळला तो पहार तशीच अधांतरी धरून. तोंड उघडं, पहिल्या दिवसासारखंच.

"पहार खाली ठेवा," ती म्हणाली. "हळू."

तो तिच्या कानांकडे बघत राहिला. "किती हळू?"

"लागेल तितका वेळ घ्या. मी आता जात नाहीये."