पायरीवरची पिवळी लिली

"माळ्याला संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगितलंय," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "त्याआधी पुरावा मिळाला तर माझ्या मनाला टोचणी राहणार नाही."

वहिनी खासगी तपास करत. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भावजी, त्यांची पिशवी धरत आणि बहुधा भलत्याच माणसावर संशय घेत.

बाईंच्या बागेतल्या तळ्यात काठालगत, पाण्याखाली वीतभर, विटांची एक पायरी होती. तिच्यावर पिवळ्या वॉटर लिलीची कुंडी असे. बाईंच्या यजमानांनी ती लावली होती आणि ते जाऊन वर्ष झालं होतं. आठ दिवसांपूर्वी बाई डोळे तपासायला गेल्या आणि परत येऊन पाहतात तर पायरी रिकामी.

"चिखलानं भरलेली कुंडी गेली, पण फरशीवर चिखलाचा एक थेंब नाही! एवढी टापटीप आमच्या माळ्याचीच. शिवाय फाटकाची किल्ली त्याच्याकडे."

भावजींना हे लगेच पटलं.

माळीकाका खोलीच्या दारात वळकटीला दोरी आवळत होते. "पंधरा वर्षं झाली इथं," ते म्हणाले. "साहेब शेवटी हात धरून म्हणाले होते, लिलीला जपा. तिला मीच पायरीवर ठेवली. खोल पाणी तिला आवडत नाही. सोसते मात्र. कोवळ्या पानांचे देठ लांबवत हळूहळू वर येते." ते पुन्हा दोरी आवळू लागले. भावजींना उगीचच अपराधी वाटलं.

शेजारच्या कंत्राटदारांच्या हौदातही पिवळ्या लिली निघाल्या. डझनभर पानं पाण्यावर ऐटीत पसरली होती.

"लावून दोन वर्षं झाली," कंत्राटदार म्हणाले.

"सापडला!" भावजी कुजबुजले.

वहिनींनी छत्री बुडवून खोली पाहिली. पाणी मांडीपर्यंत होतं. "जरा दमानं घ्या, भावजी."

बाईंचे धाकटे भाऊ टेप घेऊन अंगण मोजत होते. "डासांचा अड्डा आहे ते तळं! बुजवू आणि गाडीसाठी शेड घालू, म्हणून ताईच्या किती मागं लागलो. ती लिली आहे तोवर ऐकायला तयार नव्हती."

"आता लिली गेली," वहिनी म्हणाल्या.

"गेलीच. पानं पाण्याखाली बुडाली की ते झाड संपतंच. आता माळ्याला घालवा म्हणजे झालं."

वहिनी तळ्याला फेरी मारायला गेल्या. हिरवट पाण्याच्या मधोमध एक तांबूस, गुंडाळलेलं पान टोक वर काढून होतं. वाळकं असेल, म्हणून भावजी पुढं निघाले. वहिनी मात्र थांबल्या आणि त्यांनी सगळ्यांना काठाशी बोलावलं.

"कुंडी बागेबाहेर गेलीच नाही," त्या म्हणाल्या. "गेली असती तर फरशीवर चिखल सांडला असता. बाई, तुम्ही त्याला टापटीप समजलात."

"मग शेजारची?" भावजींनी विचारलं.

"वीतभर पाण्यातलं झाड मांडीभर पाण्यात ठेवलं तर सगळी पानं बुडतात. आठ दिवसांत फार तर एखादं कोवळं पान वर पोचेल. कंत्राटदारांची डझनभर पानं वर आहेत. ते झाड जुनंच. आणि एखादंच कोवळं पान वर आलेलं झाड ते बघा." वहिनींनी तळ्याच्या मधोमध बोट दाखवलं.

बाई पुढं वाकल्या.

"कुंडी पायरीवरून कुणीतरी मधल्या खोल पाण्यात रेटली. माळीकाका हे करणार नाहीत. ती पुन्हा वर येणार, हे त्यांना ठाऊक आहे. बुडाली की संपली, असं मानणाऱ्यानंच हे केलं." वहिनी भावाकडं वळल्या. "सगळं घर लिली चोरीला गेली म्हणत होतं. पानं बुडाल्याचं तुम्हाला कुठून कळलं?"

भावाच्या हातातली टेप सर्रकन आत गेली. "बांबूनं जरा ढकलली फक्त..."

बाई त्याच्याकडं न बघता माळीकाकांसमोर गेल्या. "चुकले मी. पंधरा वर्षं ओळखून तुम्हाला चोर म्हटलं. मला लाज वाटते."

माळीकाकांनी तळ्यातल्या त्या पानाकडं पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "तिला पायरीवर घ्यायची ना?"

"घ्यायची." बाईंचा शाळेतला आवाज परत आला. त्यांनी भावाला फर्मावलं, "पँट वर कर आणि उतर पाण्यात!"

तो निमूटपणे उतरला. कुंडी एकट्याला उचलेना.

माळीकाका खोलीकडं गेले. त्यांनी वळकटीची दोरी सोडली आणि तिचं एक टोक तळ्यात फेकलं.

"कुंडीला बांधा," ते म्हणाले. "आणि त्या नव्या पानाला धक्का लावू नका."