अत्तराच्या दुकानातली उलटतपासणी

जूनच्या त्या संध्याकाळी आखातातल्या रिग्गई वस्तीवर लाल धूळ उतरली आणि जवेरियाच्या घरचं इंटरनेट गेलं. ओढणी नाकावर बांधून, लॅपटॉप छातीशी धरून ती खाली धावली. रस्त्यापलीकडच्या अत्तराच्या दुकानात दिवा दिसला. ती दार ढकलून आत शिरली... तिच्यामागून मूठभर वाळवंटही.

"वायफाय आहे?"

काउंटरमागचा तरुण बाटल्यांवर कापड पसरत होता. "आहे. अत्तरही आहे," तो म्हणाला.

त्याचं नाव सर्फराज. श्रीवर्धनचा, मामांचं दुकान सांभाळायचा. जवेरियाने त्याला घाईघाईत सगळं सांगितलं. ती शिकागोच्या कोर्टात खटले लढवणारी वकील. अब्बांचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून रजा घेऊन इथे त्यांच्याकडे आलेली. पण कोर्टात उभं राहायचं लायसन्स टिकवायला ठरावीक तासांचं शिक्षण सतत पुरं करावं लागतं, रजेवर असलं तरी त्यातून सूट नसते. महिनाअखेर मुदत संपत होती. आजची ऑनलाइन कार्यशाळा शेवटची. मध्येच उठलं तर तास धरत नाहीत.

सर्फराजने मागच्या खोलीतलं टेबल मोकळं करून दिलं. सगळं सुरळीत चाललं होतं, तोच नवी अडचण आली. उलटतपासणीचा सराव होता आणि जवेरियाचा साक्षीदार जोडलाच गेला नाही. दुसरा कुणी शोधा, नाहीतर पुढच्या वेळी या, असं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं. तिने सर्फराजकडे पाहिलं.

"मला खोटं बोलता येत नाही," तो चाचरत म्हणाला.

"मग फार छान साक्षीदार व्हाल. या."

त्याने अपघात पाहिला आहे, असं ठरलं. जवेरिया उभी राहिली. मघाची धाप, मघाची घाई कुठल्या कुठे गेली. एकेक छोटा प्रश्न विचारत तिने त्याला कोपऱ्यात गाठलं — अंतर लांब होतं ना, काच मळलेली होती ना, उजेड कमी होता ना... शेवटी आपण काहीच नीट पाहिलं नाही, हे त्याने कबूल केलं. बाईंनी शाबासकी दिली. तास पुरे झाले.

स्क्रीन बंद झाल्यावर त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. "खरंच काही दिसत नव्हतं मला... तुमच्याशिवाय."

"हा जबाब नोंदवला गेलेला नाही," ती म्हणाली. पण तिचे कान गरम झाले होते.

मग ती येत राहिली. कधी प्रिंटरसाठी, कधी अब्बांना अत्तर हवं म्हणून, पुढे काही कारण न सांगताच. तो तिच्या मनगटावर ऊदच्या अत्तराचा थेंब टेकवायचा आणि तिच्या खटल्यांबद्दल विचारायचा. ज्यूरीसमोर पाय लटपटतात का, हरल्यावर झोप लागते का... असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

अब्बा काठीशिवाय चालू लागले, तशी तिने परतीची तारीख पक्की केली. अब्बांना ते रुचलं नाही. अत्तराच्या दुकानातला पोरगा चांगला आहे, निकाह कर, इथेच राहा, कोर्ट विसर, असं त्यांनी सुचवलं.

"अब्बा, तो मला पसंत आहे. कोर्टही," ती शांतपणे म्हणाली. "एकासाठी दुसरं सोडणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुकानात तिने सर्फराजला तेच सांगितलं. "लग्न झालं तर मी थांबेन, असं अब्बांना वाटतं. मी थांबणार नाही, सर्फराज."

बाटली पुसणारा त्याचा हात थबकला. बाटली त्याने फळीवर ठेवून दिली. तिला वाटलं, संपलं.

"थांबू नकोस," तो म्हणाला. "त्या दिवशी मला निरुत्तर करणारी जवेरिया मला आवडली. ती कोर्टातच उभी राहायला हवी. मला वेळ लागेल... मामांना माणूस शोधून द्यायचा, तिकडचे कागद करायचे. पण मी येईन. तुझ्याशी लग्न करायचंय मला."

तिचे डोळे भरून आले ते तिने ओढणीने पुसले.

"दुकान बंद कर," ती म्हणाली. "अब्बा घरीच आहेत. आत्ताच विचार त्यांना."

त्याने शटर ओढलं. भर उन्हात दोघं रस्ता ओलांडू लागली.

"भीती वाटतेय," तो पुटपुटला.

"मलाही," ती म्हणाली, आणि चाल जराही कमी न करता तिने त्याचा हात धरला.