कोपऱ्यातला ड्रम कोण वाजवतं?

केशरची आत्या चंद्रावरच्या दवाखान्यात नोकरीला गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. जाताना तिने आपला अकरा ड्रमांचा संच केशरला दिला आणि मदतीला टिपरू नावाचा यंत्रमानव ठेवला.

केशरला तो पहिल्यापासून खटकला. चालायचा बिनआवाज, अन् सदा ड्रमला कान लावून. त्यात भलतंच सुरू झालं. तिने पायाने पट्टी दाबून मोठा बेस ड्रम वाजवला, की कोपऱ्यातला तीन पायांचा ड्रम कुणी न शिवता घुमायचा. बाकीचे गप्प. केशरने पाळत ठेवली. एकदा टिपरू स्क्रू पिळायची किल्ली घेऊन त्याच ड्रमपाशी सापडला. तिने लगेच बाबांच्या कानावर घातलं. खोड्या करत असेल तर कारखान्यात परत देऊ, असं बाबा म्हणाले. परत गेलेल्या यंत्राची आठवण पुसतात. टिपरूने बाजू न मांडता किल्ली जागेवर ठेवली. चोराच्या मनात चांदणं, असं केशरला वाटलं.

आजोबांना, म्हणजे दाजीबांना, ऐकू येत नसे. ते ड्रमवर तळहात ठेवून 'ऐकत'. लोकांचं बोलणं ओठांवरून ओळखत.

"आळ घेण्याआधी त्याला विहिरीपाशी उभा कर," ते म्हणाले.

टिपरू गेला. दाजीबांनी कोपऱ्यातल्या ड्रमवर मूठभर तांदूळ टाकले. केशरने पाय दाबला. तांदूळ नाचू लागले.

मग दाजीबांनी समजावलं. प्रत्येक ड्रमचा थरथरण्याचा आपला वेग असतो. झोक्याला त्याच्या लयीत नुसतं बोट लावलं तरी तो उंच जातो. तसंच, बेस ड्रमचं कंपन (थरथर) हवेतून पोचलं आणि दोघांचा वेग जुळला, की दुसरा घुमतो. हा अनुनाद (एकाच्या कंपनाने दुसऱ्याचं आपोआप थरथरणं).

"मग आधी का घुमत नव्हता?"

"आधी बेस ड्रम एवढा ताणलेला होता का?"

केशरची मान खाली गेली. आवाज खणखणीत यावा म्हणून तिनेच बेस ड्रमचे सगळे स्क्रू आवळले होते. तिने टिपरूला आत बोलावलं आणि आधी का नाही सांगितलंस, असं विचारलं.

"त्याचं घुमणं थांबवायलाच मी किल्ली घेऊन आलो होतो. तू विचारलं नाहीस, केशर. पाळत ठेवलीस."

दोघांनी बेस ड्रमचा पडदा सुरकुत्या पडेपर्यंत सैल केला. मग समोरासमोरचे स्क्रू थोडेथोडे पिळत, सुरकुत्या जेमतेम जाईपर्यंतच ताणला. केशरने पाय दाबला. आवाज खोल, छातीत भरणारा आला. तांदूळ जागचे हलले नाहीत. टिपरू इथंच राहणार, हे तिने स्वतः बाबांना जाऊन सांगितलं.

चंद्रावर ड्रम वाजेल का, असं तिने एकदा विचारलं. टिपरू म्हणाला, उघड्यावर हवा नाही, त्यामुळे ऐकू येणार नाही. पण हात लावणाऱ्याला थरथर कळेल.

"म्हणजे तिथं सगळे माझ्यासारखेच," दाजीबा हसले.

आत्याकडे जाऊन चंद्रावरही एक ड्रम जुळवायचा, असं केशरने ठरवलं. तळहाताने ऐकायची रीत टिपरूने आठवणीत ठेवली. दाजीबा त्याच वर्षी पौषात वारले.